दोन वर्षांपूर्वीचे उत्पन्न आणि आजची फी : कॅलिफोर्नियातील एका कम्युनिटी कॉलेज विद्यार्थिनीचे प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण कॅलिफोर्नियाच्या बे एरियात राहणाऱ्या एका चौकोनी मराठी कुटुंबाचे आहे. कुटुंबाची संमती घेतलेली आहे आणि ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. वडील संगणक क्षेत्रात नोकरीला, आई पाळणाघरात अर्धवेळ कामाला, मुलगी बारावी संपवून कॉलेजच्या उंबरठ्यावर आणि धाकटा मुलगा शाळेत. २०२१ मध्ये चौघांनाही ग्रीन कार्ड मिळाले होते. या लेखातील पुढची प्रत्येक गोष्ट त्या एका बाबीवर उभी आहे, कारण ग्रीन कार्डधारक विद्यार्थी अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या शैक्षणिक मदतीस पात्र ठरतो आणि एच-४ व्हिसावरचा, म्हणजे एच-१बी नोकरदाराच्या कुटुंबीयांना मिळणाऱ्या व्हिसावरचा, विद्यार्थी ठरत नाही.

२०२२ साली या घराचे करपात्र उत्पन्न सुमारे १,१२,००० डॉलर होते. त्यातले ९८ हजार वडिलांचे आणि १४ हजार आईचे. नोव्हेंबर २०२३ मध्ये वडिलांचा ले-ऑफ झाला. मुलीने चार वर्षांच्या विद्यापीठाचा विचार तूर्त बाजूला ठेवून जवळच्या कम्युनिटी कॉलेजात, म्हणजे कमी फीच्या स्थानिक सरकारी कॉलेजात, दोन वर्षे काढायची आणि मग विद्यापीठात ट्रान्सफर घ्यायची, असे ठरले. कॅलिफोर्नियाच्या रहिवाशांसाठी कम्युनिटी कॉलेजची फी दर युनिटला (अभ्यासक्रमाचे श्रेयांक मोजण्याचे माप) ४६ डॉलर आहे. पूर्ण वेळ म्हणजे बारा युनिट घेतले, तर सेमिस्टरची फी ५५२ डॉलर होते. फी एवढी कमी असताना ग्रँटचा अर्ज करून काय मिळणार, असे घरातल्यांना वाटले आणि सुरुवातीचे दोन महिने त्यात गेले. ही समजूत आपल्याकडे बरीच पसरलेली आहे. प्रत्यक्षात कम्युनिटी कॉलेजच्या विद्यार्थ्याचा मोठा खर्च फीचा नसतोच. पुस्तके, लॅपटॉप, प्रवास, खाणे आणि घरभाड्यातला वाटा यांवर जास्त पैसा जातो. पेल ग्रँट फीपेक्षा जास्त मंजूर झाली, तर उरलेली रक्कम विद्यार्थ्याच्या हाती येते आणि ती या खर्चांसाठीच असते.

पेल ग्रँट ही केंद्र सरकारची, परत न करावी लागणारी मदत आहे. १९७२ साली ती वेगळ्या नावाने सुरू झाली आणि १९८० मध्ये ऱ्होड आयलंडचे सिनेटर क्लेबर्न पेल यांचे नाव तिला मिळाले. २०२४-२५ या वर्षासाठी तिची कमाल रक्कम ७,३९५ डॉलर होती. ती मिळवण्यासाठी फाफ्सा हा अर्ज भरावा लागतो. त्यातून स्टुडंट एड इंडेक्स (पुढे नुसता 'निर्देशांक') नावाचा एक आकडा निघतो आणि ढोबळमानाने कमाल रकमेतून हा आकडा वजा केला की त्या विद्यार्थ्याची पूर्ण वेळाची पेल ग्रँट कळते. निर्देशांक कमाल रकमेच्या वर गेला, की सामान्यतः हाती काही येत नाही. विद्यार्थी चोवीस वर्षांखालचा, अविवाहित आणि आईवडिलांवर अवलंबून असेल, तर हिशेब आईवडिलांच्या उत्पन्नावर आणि मालमत्तेवर होतो.

अडचण

२०२४-२५ चा फाफ्सा २०२२ सालचे उत्पन्न बघतो. ती माहिती थेट करखात्याकडून अर्जात येते आणि अर्जदाराला त्यात हात घालता येत नाही. त्यामुळे या कुटुंबाच्या बाबतीत अर्जाला भेटले ते १,१२,००० डॉलरचे उत्पन्न, आणि ते उत्पन्न देणारी नोकरी तर गेलेली होती. त्या वर्षी अर्जाचा नमुनाच बदलला होता. एरवी ऑक्टोबरमध्ये खुला होणारा फाफ्सा डिसेंबर २०२३ च्या अखेरीस खुला झाला आणि कॉलेजांकडे त्याचे निकाल मार्च २०२४ च्या मध्यापासून जाऊ लागले. मुलीचा निर्देशांक १८ हजारांच्या पुढे आला. पेल ग्रँट शून्य. राज्याची कॅलिफोर्निया कॉलेज प्रॉमिस ग्रँट ही युनिटची फी माफ करते, पण तिच्यासाठी आर्थिक गरज दाखवावी लागते. तेवढी गरज कागदावर दिसत नसल्याने तीही नाकारली गेली. कॅल ग्रँट बी ही राज्याची दुसरी ग्रँटही जुन्या उत्पन्नामुळे मिळाली नाही आणि कॅल ग्रँट मिळणाऱ्या पूर्णवेळ विद्यार्थ्यांना कम्युनिटी कॉलेजात जी जास्तीची ग्रँट मिळते, तिचे दारही त्यामुळे त्या वर्षापुरते बंद झाले.

दुसरी गुंतागुंत पुण्यातली होती. कोथरूडच्या एका फ्लॅटमध्ये वडिलांचा आणि त्यांच्या भावाचा निम्मा-निम्मा हिस्सा होता. त्यात मुलीची आजी राहते. कर्ज वजा जाता वडिलांच्या हिश्श्याची किंमत त्या वेळच्या दराने सुमारे ७० हजार डॉलर भरत होती. फाफ्सामध्ये स्वतः राहत असलेले घर मोजत नाहीत, पण दुसरे घर मोजतात, मग ते कुठल्याही देशात असो आणि त्यात कोणीही राहत असो. आजीला दरमहा पाठवले जाणारे पैसे उत्पन्नातून वजा होत नाहीत आणि आजी या घरात राहत नसल्यामुळे कुटुंबाच्या सदस्यसंख्येतही धरली जात नाही.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय फेडरल कर्जाचा होता. पहिल्या वर्षाच्या, आईवडिलांवर अवलंबून असलेल्या विद्यार्थ्याला ५,५०० डॉलरपर्यंत कर्ज मिळू शकते. पण गरज सिद्ध होत नसल्याने यातला प्रत्येक डॉलर पहिल्या दिवसापासून व्याज चढवणारा ठरला असता. ५५२ डॉलर फीच्या कॉलेजासाठी कर्ज काढणे वडिलांना पटले नाही आणि मलाही ते बरोबरच वाटते. पुढे विद्यापीठात कर्जाची वेळ येणार आहेच.

दुसरा पर्याय मुलीने किराणा दुकानात कामाचे तास वाढवण्याचा होता. ती आठवड्याला वीस तास काम करतच होती. तास वाढले की युनिट कमी घ्यावे लागतात आणि २०२४-२५ पासून पेल ग्रँट युनिटच्या प्रमाणात मिळते. बारा युनिटला शंभर टक्के, नऊला पंचाहत्तर, सहाला पन्नास. शिवाय विद्यार्थ्याची स्वतःची वार्षिक कमाई ११ हजारांच्या वर गेली, की वरच्या रकमेचा निम्मा भाग पुढच्या एखाद्या वर्षाच्या निर्देशांकात मिळवला जातो. फेडरल वर्क-स्टडीखाली कॉलेजातच केलेल्या कामाची कमाई मात्र यातून वगळली जाते. मुलीने तिथे चौकशी केली, पण त्या वर्षाचा निधी आधीच वाटून झाला होता.

तिसरा पर्याय कायद्यात आहे, पण अर्जात कुठेही ठळकपणे दिसत नाही. कॉलेजच्या फायनान्शियल एड ऑफिसला 'प्रोफेशनल जजमेंट'चा अधिकार असतो. नोकरी जाणे, घटस्फोट, आजारपणाचा मोठा खर्च अशा विशेष परिस्थितीत ऑफिस अर्जातले उत्पन्न बदलून नव्याने निर्देशांक काढू शकते. हा निर्णय प्रत्येक विद्यार्थ्यापुरता, कागदपत्रांच्या आधारे होतो, आणि तो अंतिम असतो. त्याविरुद्ध शिक्षण खात्याकडे दाद मागता येत नाही.

चौथा पर्याय खरे तर पर्याय नव्हता, पण त्यावर घरात सर्वांत जास्त चर्चा झाली, म्हणून नोंदवतो. एका स्नेह्याने वडिलांना सुचवले, "अरे, पुण्याचा फ्लॅट इथे कोण बघायला येतंय? टाकूच नकोस फॉर्ममध्ये." फाफ्सावर सही करताना खोट्या माहितीबद्दल २० हजार डॉलरपर्यंत दंड, तुरुंगवास किंवा दोन्ही होऊ शकतात, हे मान्य करावे लागते. पण भीतीपेक्षाही एक साधे कारण होते. पुण्यात वडिलांचे एनआरओ खाते (अनिवासी भारतीयांचे भारतातले बँक खाते) आहे आणि परदेशात बँक खाते असले, की अमेरिकेच्या टॅक्स रिटर्नबरोबर शेड्यूल बी हे परदेशी खात्यांची माहिती देणारे परिशिष्ट जोडावे लागते. ते यांच्या रिटर्नला जोडलेले होतेच. भारतात आपले काही आहे, हे त्यांनी करखात्याला आधीच सांगितलेले होते. वडिलांनी फ्लॅट दाखवला.

शेड्यूल बी चा आणखी एक परिणाम फारसा कोणाच्या लक्षात येत नाही. ज्यांचे उत्पन्न ६० हजार डॉलरपेक्षा कमी आहे आणि ज्यांच्या रिटर्नला ए, बी, डी, ई, एफ, एच यांपैकी कोणतेही शेड्यूल नाही, त्यांना फाफ्सा मालमत्तेचा प्रश्नच विचारत नाही. भारतात एक जुने बचत खाते चालू असलेल्या मध्यम उत्पन्नाच्या कुटुंबाची ही सवलत त्या एका खात्यापायी जाते.

काय केले

मुलीने जूनमध्ये प्रोफेशनल जजमेंटसाठी पहिले पत्र दिले. ते तीन पानी होते. 'आम्ही अत्यंत कठीण परिस्थितीतून जात आहोत' इथपासून सुरू होऊन ते आजीच्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेपर्यंत पोहोचत होते. त्यात नोकरी कोणत्या तारखेला गेली हे नव्हते आणि आज घरात दरमहा किती पैसे येतात हेही नव्हते. ऑफिसने ते कागदपत्रे मागून परत पाठवले. त्याच सुमारास तिचा अर्ज पडताळणीसाठीही निवडला गेला. ही निवड झाली, की ती पूर्ण झाल्याखेरीज कॉलेज विशेष परिस्थितीच्या विनंतीला हात लावत नाही, त्यामुळे कुटुंबाच्या सदस्यसंख्येचा तक्ता वगैरे आधी भरून द्यावा लागला.

दुसरे पत्र ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात गेले. ते एका पानाचे होते. ले-ऑफची तारीख, शेवटचा पगार, बेकारी भत्ता कधी सुरू झाला आणि कधी संपला, आईचे वाढलेले तास आणि जुलै २०२४ ते जून २०२५ या बारा महिन्यांचे अपेक्षित उत्पन्न, एवढेच त्यात होते. सोबत कंपनीचे नोकरी संपल्याचे पत्र, शेवटची पे-स्टब (पगाराची पावती), राज्याच्या ईडीडी खात्याचे भत्त्याचे विवरण आणि आईच्या ताज्या पे-स्टब जोडल्या होत्या.

इथे एक अवघड निर्णय घ्यावा लागला. पत्र जाण्याच्या काही दिवस आधी वडिलांना सप्टेंबरपासून अर्धवेळ कंत्राटी काम मिळाले. त्यातून जूनपर्यंत २३ हजार डॉलर अपेक्षित होते. ते न लिहिता पत्र पाठवले असते, तर वर्षाचे उत्पन्न फक्त आईचे ३१ हजार दिसले असते आणि ग्रँट बरीच मोठी निघाली असती. वडिलांनी कामाचे ऑफर-लेटर पत्राला जोडले आणि एकूण ५४ हजार लिहिले. ऑफिसातील अधिकाऱ्याने पुढे मुलीला सांगितले, की आपणहून दाखवलेल्या या उत्पन्नामुळे बाकीच्या आकड्यांवर विश्वास ठेवणे सोपे गेले.

निर्णय ऑक्टोबरच्या सुरुवातीस आला, तोवर फॉल सेमिस्टर (ऑगस्ट ते डिसेंबर) अर्ध्यावर होते. पैशाची खात्री नसल्याने मुलीने नऊच युनिट घेतले होते आणि त्यांची ४१४ डॉलर फी खिशातून भरली होती.

निष्पत्ती

नवा निर्देशांक २,४०० च्या घरात आला, म्हणजे पूर्ण वेळाची वार्षिक पेल ग्रँट सुमारे ५,००० डॉलर. फ्लॅट गणितात तसाच राहिला होता. ७० हजारांच्या मालमत्तेचे बारा टक्के, म्हणजे ८,४०० डॉलर, आईवडिलांच्या उपलब्ध उत्पन्नात मिळवले जातात आणि सर्वांत खालच्या टप्प्यावर त्याचे बावीस टक्के निर्देशांकात उतरतात. आजी राहत असलेल्या घरामुळे नातीची ग्रँट वर्षाला साधारण १,८५० डॉलरने कमी झाली. हे कडू वाटते, पण नियम तसा आहे.

फॉलला नऊ युनिटचे पंचाहत्तर टक्के, म्हणजे १,८७५ डॉलर मिळाले. प्रॉमिस ग्रँटही मंजूर झाल्याने भरलेली ४१४ डॉलर फी परत आली. स्प्रिंगला, म्हणजे जानेवारीनंतरच्या सेमिस्टरला, तिने रसायनशास्त्र, संख्याशास्त्र आणि इतिहास मिळून बारा युनिट घेतले आणि २,५०० डॉलर जमा झाले.

खरी कसोटी फेब्रुवारी २०२५ मध्ये लागली. वडिलांचे कंत्राट मुदतीआधीच संपले. दुकानाने मुलीला पूर्ण वेळ काम देऊ केले आणि तिने हे सेमिस्टर सोडून द्यायचे जवळजवळ ठरवले. ग्रँट तर मिळालीच आहे, असे तिचे म्हणणे होते. समुपदेशकाने तिच्यासमोर कागदावर हिशेब मांडला. सर्व वर्ग सोडले, तर सेमिस्टरचे जेवढे दिवस पूर्ण झाले तेवढ्याच प्रमाणात ग्रँट 'कमावली' असे धरतात. साठ टक्के सेमिस्टर उलटले, की ती पूर्ण कमावलेली होते. सहाव्या आठवड्याच्या आत ती पस्तीस टक्क्यांवर होती, म्हणजे २,५०० पैकी १,६२५ डॉलर न कमावलेले. नियमाने ग्रँटच्या निम्म्या रकमेला संरक्षण असल्याने तिच्याकडून मागणी सुमारे ३७५ डॉलरचीच आली असती. रक्कम मोठी नाही, पण ती थकली, तर पुढची सर्व केंद्रीय मदत थांबते.

त्याहून जड होता प्रगतीचा निकष. मदत चालू राहण्यासाठी साधारण २.० जीपीए (चारपैकी सरासरी गुण) आणि घेतलेल्या युनिटपैकी ६७ टक्के पूर्ण करणे आवश्यक असते. तिने फॉलचे नऊपैकी नऊ पूर्ण केले होते. स्प्रिंगचे बाराच्या बारा सोडले असते, तर एकवीसपैकी नऊ, म्हणजे ४३ टक्के. एकटा इतिहास सोडला तर एकवीसपैकी अठरा, म्हणजे ८६ टक्के. आणि सर्व वर्गांना हजेरी सुरू झाल्यावर, पुनर्गणनेची तारीख (ज्या दिवशीच्या युनिटवर कॉलेज ग्रँट पक्की करते) उलटल्यानंतर एकच वर्ग सोडला, तर ग्रँट परत करावी लागत नाही. तिने इतिहास सोडला, दुकानात तीनचार तास वाढवून घेतले आणि बाकीचे दोन वर्ग पूर्ण केले. वर्षाअखेर पेल ग्रँटच्या आयुष्यभराच्या ६०० टक्के मर्यादेतले ८७.५ टक्के खर्ची पडले.

वेगळे काय करता आले असते

पत्र उशिरा गेले, ही सर्वांत उघड बाब. ले-ऑफ नोव्हेंबरचा होता आणि निकाल मार्चमध्ये दिसू लागले होते. जूनच्या पहिल्या पत्राऐवजी एप्रिलमध्ये कागदपत्रांसह पत्र गेले असते, तर फॉलला बारा युनिट घेण्याचे धाडस झाले असते आणि त्या सेमिस्टरला आणखी ६२५ डॉलर मिळाले असते. ऑफिसने आपण होऊन विचारावे ही अपेक्षा चुकीची आहे, कारण त्यांच्या पडद्यावर फक्त २०२२ चे उत्पन्न असते.

फेब्रुवारीत कंत्राट संपल्यावर पुन्हा ऑफिसकडे जायला हवे होते. ५४ हजारांचा अंदाज तेव्हा खोटा ठरला होता आणि त्याच वर्षात सुधारित विनंती करता आली असती. मुलगी संकोचली. एकदा मिळाल्यावर पुन्हा कसे मागायचे, असे तिला वाटले. माझ्या मते हा संकोच त्या घराला महागात पडला, कारण ही मागणी मेहेरबानीची नव्हती, केवळ आकडा दुरुस्त करण्याची होती.

प्रोफेशनल जजमेंट एका वर्षापुरते असते, हेही कुटुंबाला उशिरा कळले. २०२५-२६ चा फाफ्सा २०२३ चे उत्पन्न बघतो आणि त्या वर्षी वडील नोव्हेंबरपर्यंत पूर्ण पगारावर होते, वर कंपनीने दिलेली भरपाईही त्यात आहे. म्हणून दुसऱ्या वर्षी सगळी फाइल नव्याने द्यावी लागली. या वेळी मात्र ती मेमध्ये गेली.

सर्वांत दूरवर परिणाम करणारा निर्णय त्यांनी कोणालाही न विचारता आधीच घेऊन टाकला होता. मार्च २०२४ मध्ये घरभाड्यासाठी वडिलांनी ४०१(के) या निवृत्तीच्या बचत खात्यातून १२ हजार डॉलर काढले. वयाच्या साडेएकोणसाठीआधी काढल्याबद्दल दहा टक्के जादा केंद्रीय कर आणि अडीच टक्के राज्याचा कर लागला, तो एक भाग. दुसरा असा, की ही रक्कम २०२४ च्या उत्पन्नात धरली जाते आणि २०२४ चे उत्पन्न २०२६-२७ च्या फाफ्सात येते, म्हणजे नेमके विद्यापीठात ट्रान्सफर घ्यायच्या वर्षी. त्या वर्षासाठी दोन पालकांच्या चौघांच्या कुटुंबाला पूर्ण पेल ग्रँट मिळण्याची उत्पन्नमर्यादा ५४,६०० डॉलर आहे आणि तेवढ्या उत्पन्नाखाली फ्लॅटची किंमत पाहिलीच जात नाही. काढलेली रक्कम नसती, तर कुटुंबाचे २०२४ चे उत्पन्न ४७ हजारांच्या आत राहिले असते. ती धरून ते ५९ हजारांजवळ जाते.

एकदाच काढलेली अशी रक्कम वगळण्याची विनंतीही प्रोफेशनल जजमेंटखाली करता येते, मात्र ती विद्यापीठाच्या ऑफिसकडे करावी लागेल आणि निर्णय त्यांच्या हाती असेल. त्यासाठी वडिलांनी मार्च ते जुलै २०२४ च्या घरभाड्याच्या पावत्या, बँकेची विवरणपत्रे आणि ४०१(के) ची नोंद एका फाइलमध्ये लावून ठेवली आहे. पत्राचा मसुदा मुलीने लिहिला आहे आणि तो एका पानाचा आहे.